आठशे पंचाहत्तरचा दात

वाटीतल्या लिंबाच्या रसात एक पांढरा कण पडला आणि फसफसला. एवढंच झालं. पोह्यांसाठी लिंबू पिळताना रुद्राणीच्या नखातून विभूतीचा कण सुटला, रसात पडला, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे उठले, क्षणभर नाचले आणि विरले. पूजा करून उठलेली बाई ती. कपाळावर तीन आडवी बोटं ओढलेली, हात धुतलेले, पण नखं कोण बघतंय. अशा कणांनी या घरातल्या आमटीत, चहात आजवर किती वेळा उडी घेतली असेल याची गणती नाही, आणि लिंगायताच्या घरात त्याचं कुणाला काही वाटतही नाही. आज मात्र रुद्राणी लिंबाची फोड हातात धरून तशीच उभी राहिली. सतरा वर्षं ती कॉलेजातल्या पोरांना हेच शिकवत आली होती: आम्ल घाला, बुडबुडे आले की समजा कार्बोनेट. दरवर्षी दोनशे पोरं हे वाक्य वहीत उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आणि शिकवणारी बाई रोज सकाळी तेच कार्बोनेट कपाळावर ओढून वर्गात उभी राहते, हे त्या बाईच्या डोक्यात सतरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. कार्बोनेट. चौदाशे चोवीस, आठशे पंचाहत्तर, सातशे बारा. कार्बोनेटच्या ग्राफातले हे तीन आकडे आपणहून डोळ्यांपुढे उभे राहिले.

"काय बघायलीस गं वाटीत?" सासूबाईंनी, मल्लम्मांनी, देवघरातून मान काढली. "पोहे गार व्हायलेत."

"अव्वा, ही विभूती फसफसली."

"फसफसंल न्हाई तर काय! देवाची वस्तू आंबटात टाकल्यावर. टाकून दे ते, दुसरं लिंबू घे."

रुद्राणीनं टाकून दिलं नाही. देवघरात जाऊन तिनं विभूतीच्या खड्याचा एक कोपरा मोडला आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवला. मल्लम्मा बघतच राहिल्या. "कशाला न्यायलीस?" "कामाला." "आज तुझा तो निकाल हाय म्हणून व्हय? ने, ने. चांगलंच हाय." सुनेला देवाची आठवण झाली याचा त्यांना मनापासून आनंद झाला. रुद्राणीला त्यांच्याकडे बघवेना. पोहे तसेच झाकून ती बाहेर पडली.

निकाल होता खरा. बारा वाजता सत्यशीला मॅडम येणार होत्या, बाहेरगावच्या परीक्षक. पीएचडीचं काम रुद्राणीनं पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं होतं आणि आता ती बेचाळीस वर्षांची होती. सात वर्षांत तिनं सीताफळाच्या बियांतून एक रेणू वेगळा काढला होता, जो आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. सात वर्षांचं सगळं काम त्या एका प्रकरणात होतं. बाकीची पाच प्रकरणं म्हणजे लग्नातली वरात, नवरा हा एकच. आणि त्याच प्रकरणावर सत्यशीला मॅडमनी अहवालात, रेणू ओळखायच्या दोन चाचण्यांबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या. एनएमआर एका पदार्थाचा आहे आणि आयआर दुसऱ्याच पदार्थाचा दिसतो. समाधानकारक खुलासा द्यावा, अन्यथा प्रकरण मागे घ्यावे. सभ्य भाषेत लिहिलेलं होतं, पण कॉलेजातल्या शिपायालासुद्धा त्याचा अर्थ कळला होता. बाईनं दुसऱ्याच्या बाटलीतला माल चाचणीला पाठवला आणि स्वतःचा म्हणून खपवला, असा तो अर्थ. स्टाफरूममध्ये ती शिरली की हल्ली बोलणं एकदम पावसापाण्यावर यायचं.

बार्शी नाक्यावर रिक्षा अडकली. पुढे उसाच्या ट्रॅक्टरची रांग, मागे भोंगे. रुद्राणी रुमालाची गाठ बोटांनी चाचपत बसली. तिचा खुलासा असा काही नव्हताच. दिवसा वर्गात, संध्याकाळी प्रयोगशाळेत, तिनं तो आयआर एकदा नाही, अकरा वेळा काढला होता. काम तसं सोपं असतं. पदार्थ चिमूटभर पांढऱ्या क्षारात घालून खलात घोटायचा, दाबयंत्रात दाबून त्याची टिकलीएवढी पारदर्शक चकती करायची, आणि चकतीतून अवरक्त किरण जाऊ द्यायचे. रेणूतला प्रत्येक बंध आपापल्या ठेक्यात हलत असतो, आणि ज्याचा जो ठेका, तेवढे किरण तो पिऊन टाकतो. कागदावर त्या त्या जागी रेघ खाली येते, फणीच्या दातासारखी. दात कुठल्या आकड्यावर आहे ते बघितलं की आत कोण बसलंय ते कळतं. तिच्या रेणूचा पुरावा सतराशे अठ्ठेचाळीसला होता, एक लांब अणकुचीदार दात, पाच कोनी कड्याला चिकटलेल्या ऑक्सिजनचा. तो अकराही वेळा आला. पण त्याच्या जोडीला चौदाशेच्या आसपास एक रुंद दरी यायची, आणि आठशे पंचाहत्तरला एक बारीक, ताठ, उद्धट दात. त्या रेणूत आठशे पंचाहत्तरला असा दात देणारं काहीच नव्हतं. एखाद्याच्या घरी जेवायला जावं आणि पंगतीत आपल्या मांडीला मांडी लावून एक अनोळखी माणूस बसलेला असावा, यजमानानंही त्याला ओळखू नये, तसा तो दात. रुद्राणीनं त्याला घालवायला काय काय केलं होतं! नमुना पाच वेळा धुतला. क्षाराची नवी बाटली उघडली. खल आम्लानं धुतला. नुसत्या क्षाराची कोरी चकती करून बघितली, तर ती स्वच्छ निघाली, आरशासारखी. म्हणजे क्षारात दोष नाही, खलात नाही, यंत्रात नाही. मग दोष नमुन्यात, आणि नमुना तर तिनं स्वतः काढलेला. रात्री कूस बदलताना कधी कधी तिलाच वाटायचं, आपणच तर बाटल्या बदलल्या नाहीत ना? माणूस स्वतःवरचा विश्वास असा थेंबाथेंबानं गळू देतो आणि भांडं रिकामं झाल्यावरच त्याला कळतं.

नमुना तिनं काढलेला, याबद्दल खरं तर शंका घ्यायला जागा नव्हती. लिंबागणेशच्या पलीकडच्या डोंगरात छबुबाई नावाची एक म्हातारी होती, तिच्याकडून बिया आल्या होत्या. सीताफळाचं बी वाटून डोक्याला लावलं की उवा मरतात हे जिल्ह्यातली कुठलीही बाई सांगेल. रुद्राणीच्याही डोक्याला लहानपणी लावलं होतं, आणि ओघळ डोळ्यात गेल्यावर तीन दिवस तिचे डोळे टोमॅटो झाले होते. ती आग तिला अजून आठवते. पण छबुबाईनं पहिल्याच भेटीत सांगितलं, "सगळ्या झाडाचं न्हाई चालत, बाय. ह्या वरल्या कड्याच्या झाडाचंच. खालच्या झाडाच्या बियानं उवा नुसत्या झोपत्यात." रुद्राणी हसली होती. मग दोन्हीकडच्या बिया तिनं प्रयोगशाळेत आणल्या, दळल्या, गाळल्या, काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब उतरवल्या, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कड्यावरच्या बियांत तो मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, जो खालच्या बियांत नव्हता. सदतीस कार्बनची लांबलचक साखळी, आणि तिच्या शेपटीकडे एक ऑक्सिजन, आजवरच्या तसल्या सगळ्या रेणूंतल्यापेक्षा दोन घरं पुढे जाऊन बसलेला. पुण्याहून एनएमआरचा कागद आला तेव्हा ती नगर रोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. तिथंच तिनं तो वाचला आणि दुकानदाराला विनाकारण वीस प्रती काढायला सांगितल्या. त्या वीसच्या वीस अजून कपाटात आहेत. त्या दिवशीची आपण आणि आजची आपण, एकच बाई का, असं रिक्षात बसून तिला वाटलं.

ट्रॅक्टर हलले. आणि रिक्षाच्या त्या गचक्यासरशी तिला स्वतःचा हात दिसला. खल पुढ्यात ओढणारा, मग वर कपाळाकडे जाणारा, विभूतीच्या रेघेवर करंगळीजवळचं बोट फिरवून खाली येणारा, आणि खलाच्या आतल्या काठाला टेकणारा. रोजचा हात. इतका रोजचा की तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. अप्पांच्या दुकानातला होता तो. नेकनूरच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान. पहिलं गिऱ्हाईक आलं की अप्पा कपाळाला बोट लावायचे, ते बोट तराजूला टेकवायचे, आणि मगच बोहनी. गल्ल्याच्या मागे साखरेच्या पोत्यावर बसून तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. तराजूच्या जागी खल आला, एवढंच. आणि कोऱ्या चकतीला तिनं बोट कधीच लावलं नव्हतं. कशाला लावेल? नुसत्या क्षाराची चकती म्हणजे काही बोहनी नव्हे. खरा माल खलात पडायचा असेल तेव्हाच देव! तिला रिक्षात हसू फुटलं, आणि लगेच घाम फुटला. हे खरं असेल तर ती वाचली. आणि हे खरं असेल तर बारा वाजता एका कडक परीक्षक बाईपुढे उभं राहून तिला सांगावं लागणार होतं की सात वर्षांचं संशोधन मी देवपूजेत घोटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी छातीत मावत नव्हत्या.

कॉलेजच्या फाटकात उतरल्या उतरल्या तिनं नेकनूरला फोन लावला. अप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. अजून रोज गल्ल्यावर बसतात.

"अप्पा, दुकान उघडलं का?"

"उघडून घंटा झाला. तुझं काय? आज मोठ्या बाई यायच्या व्हत्या ना?"

"येतील आता. अप्पा, एक सांगा. तराजूला विभूती कुठं लावता तुम्ही?"

लेकीनं परीक्षेच्या दिवशी हे विचारावं याचं त्यांना नवल वाटलं असणार. "कुठं म्हंजी? दांडीला."

"पारड्याला नाही?"

"पारड्याला कावून लावीन? पारड्यात गिऱ्हाइकाचा माल असतोय. त्याच्या मालात आपला देव मिसळायचा न्हाई. बोट लावलं की आधी धोतराला पुसायचं, मंग मापाला हात घालायचा. आमच्या बापानं शिकवलंय ते. आता काटा लाइटवरचा आलाय, तरी मी बाजूच्या पट्टीलाच लावतो. का गं रुद्रा?"

"काही नाही अप्पा. मी ते धोतराला पुसलेलं बघितलंच नव्हतं."

फोन बंद करून ती पायरीवर बसली. बघणार कसं? साखरेच्या पोत्यावरून गल्ल्याच्या फळीच्या वरचं तेवढं दिसायचं. हात वर गेलेला दिसायचा, कपाळ दिसायचं, तराजू दिसायचा. हात खाली जाऊन धोतराला पुसला जायचा तो फळीच्या आड. अर्धा रिवाज तिनं उचलला होता आणि राहिलेल्या अर्ध्यानं तिला पाच वर्षं झोडपलं होतं. तिला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. हरवलेली वस्तू आपल्याच पदराला बांधलेली सापडावी तेव्हा येतं तसलं होतं. आणि त्याबरोबर अप्पांबद्दल असं काही दाटून आलं की तिला परत फोन लावावासा वाटला. लावून बोलणार काय, म्हणून ती उठली.

प्रयोगशाळेत आसाराम टेबलं पुसत होता. पंचवीस वर्षं तो इथला परिचर. यंत्रांच्या सगळ्या खोडी त्याला पाठ. रुद्राणीनं पर्स ठेवायच्या आधी विचारलं, "आसाराम, मी खलाला विभूती लावते का हो?"

"लावता की," आसाराम फडकं पिळत म्हणाला. "दर टायमाला लावता."

"दर वेळेला?"

"खरा माल असला की. नुसता मसाला असला की न्हाई लावत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

आसारामनं तिच्याकडे असं बघितलं की जणू प्रश्नच चुकीचा होता. "आमी कावून बोलावं, मॅडम? देवाचं काम. मी बी दसऱ्याला झेंडू घालतोच की मशीनला."

तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला टाचलेले अकरा ग्राफ काढून टेबलावर तारखेनं मांडले. आठशे पंचाहत्तरचा दात प्रत्येकात होता, पण सारखा नव्हता; आजवर तिनं त्याची जागा पाहिली होती, लांबी पाहिली नव्हती. पहिल्या ग्राफात तो जेमतेम दिसत होता. अहवाल आल्यानंतरच्या सोमवारचा मात्र कागदाच्या तळाला टेकला होता. त्या दिवशी ती खल पुढ्यात घेऊन किती वेळ डोळे मिटून बसली होती हे तिला स्पष्ट आठवलं. भीती वाढत गेली तसं बोट जोरात टेकत गेलं आणि दात लांबत गेला. पाच वर्षांच्या धाकधुकीचा असा मोजून काढलेला तक्ता तिच्यापुढे पडला होता, आणि एरवी तिला तो पाहून कसनुसं झालं असतं. आज तिला वाटलं, यंत्र किती इमानदार आहे. आपण घाबरलो तेही त्यानं लिहून ठेवलं.

खल धुतला, वाळवला. रुमालाची गाठ सोडून विभूतीचा कण क्षारात घोटला, चकती दाबली, यंत्रात ठेवली. पडद्यावर रेघ डावीकडून निघाली, सरळ चालत आली, चौदाशे चोवीसला रुंद दरीत उतरली, वर आली, आणि आठशे पंचाहत्तरला तो दात पडला. तोच. सातशे बाराला त्याचा धाकटा भाऊ. आसाराम मागून डोकावला. "आला की हो तुमचा चोर," तो म्हणाला.

"चोर नाही हो तो," रुद्राणी म्हणाली. ग्राफ छापून तिनं तो अकरांच्या शेजारी ठेवला.

साडेअकराला तांदळे सर आले. सुंदरराव तांदळे, तिचे मार्गदर्शक. स्वभावानं वाईट नव्हेत, पण निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस. त्यांच्या हातात टाइप केलेलं पत्र होतं: प्रकरण चौथे मागे घेत आहे. खाली तिच्या नावासमोर रिकामी जागा. रुद्राणीनं त्यांना लिंबापासून सगळं सांगितलं. त्यांनी विभूतीचा ग्राफ उलटासुलटा करून पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पटतंय मला," ते म्हणाले. "शंभर टक्के पटतंय. पण बाई, तुझा नमुना किती शिल्लक आहे?"

तिनं नमुन्याची कुपी उजेडात धरली. तळाला पांढरी धूळ. दोन मिलिग्रॅम असेल नसेल. बाकी सगळा अकरा चकत्यांत गेला होता. एक चकती होईल एवढाच. बिया पुन्हा जमवून, पुन्हा नळीतून उतरवून इथवर यायचं म्हणजे आणखी दोन वर्षं.

"एक चकती," सर म्हणाले. "ती त्या बाईसमोर करशील, आणि समजा विभूतीच्या खाली आणखीच काही निघालं तर? मग फक्त प्रकरण नाही जायचं, सगळी पीएचडी जाईल. वर विभूतीचं ऐकून ती हसेल ती वेगळीच. सही करून टाक. पाच प्रकरणांवर डॉक्टर हो आणि मोकळी हो. कोण विचारतंय नंतर?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच तर वाईट होतं. रुद्राणीनं पेन उचललंसुद्धा. महिनाभर ती या पेनाचीच वाट बघत होती, खरं सांगायचं तर. सही करावी, घरी जावं, झोपावं. पण आता तिच्या डोळ्यांपुढे अप्पांचा हात होता, फळीच्या आड धोतराला पुसला जाणारा, कुणी बघत नसताना. तिनं पेन खाली ठेवलं. "नाही सर. चकती करायची. त्यांच्या समोर." तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तांदळे सरांनी पत्राची घडी करून खिशात घातली, टाकून मात्र दिली नाही.

सत्यशीला मॅडम बाराला पाच मिनिटं असताना आल्या. साठीच्या, सुती साडीतल्या, पाणीसुद्धा न पिता थेट विषयाला हात घालणाऱ्या. रुद्राणीनं बोलायला सुरुवात केली. तिनं काहीही वगळलं नाही. बोहनी सांगितली, तराजू सांगितला, दांडी आणि पारडं सांगितलं, कोऱ्या चकतीला बोट का लावलं नाही ते सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विभूतीचा ग्राफ घेतला, अकरावर एकेक ठेवून खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि हात धुतले.

"कुपी द्या," त्या म्हणाल्या. "मी घोटते. तुम्ही तिथं लांब, दाराशी उभ्या राहा."

दाराशी उभं राहून आपलं सात वर्षांचं काम दुसऱ्याच्या हातात बघणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. कुपी पालथी झाली, धूळ खलात पडली, वर क्षार पडला. खलबत्त्याचा तो बारीक खरखरीत आवाज. बाई सावकाश घोटत होत्या, मुळीच घाई नव्हती त्यांना. रुद्राणीचा हात आपणहून कपाळाकडे निघाला. ती तो अर्ध्यावर धरून उभी राहिली आणि मग तिनं तो पदराला पुसला, नीट, एकेक बोट. आसारामनं दाबयंत्राचा दांडा ओढला. चकती निघाली ती पावसाच्या थेंबासारखी स्वच्छ. ती यंत्रात गेली, झाकण मिटलं. तांदळे सर खिशावर हात ठेवून छताकडे बघत होते.

रेघ निघाली. चौतीसशेला खाली झुकली, ते बरोबर. एकोणतीसशेला साखळीचे दोन दात, बरोबर. सतराशे अठ्ठेचाळीसला तो लांब, अणकुचीदार, तिचा हक्काचा दात. पण तो तर अकराही वेळा आला होता, त्याचं कौतुक पुरे झालं. पुढे. चौदाशेला दरी आली नाही. छोटासा खळगा आला, साखळीचा, जेवढा असायला हवा तेवढाच. हजार. साडेनऊशे. नऊशे. आठशे पंचाहत्तरवरून रेघ अशी गेली की जणू तिथं कधी कुणी बसलंच नव्हतं. सरळ, निवांत, खाली न बघता गेली आणि चारशेला जाऊन थांबली. मग आसारामनं "अय्योऽ" असा लांब सूर काढला, तांदळे सरांनी खिशातलं पत्र काढून चार तुकडे केले, आणि रुद्राणीला कळलं की आपण दाराची चौकट दोन्ही हातांनी धरलेली आहे. आनंद असा नसतो असं तिला वाटायचं. आनंद म्हणजे हलकं वाटणं असतं, असं वाटायचं. हा तर जड होता, भरलेल्या घागरीसारखा, आणि तो उचलून धरायची ताकद आपल्यात आहे हेच त्यातलं सुख होतं.

"ठीक," सत्यशीला मॅडम म्हणाल्या आणि पेन उघडलं. "खुलासा काय लिहू?"

"उपकरणातला तात्पुरता दोष, असं लिहा ना," तांदळे सर घाईनं म्हणाले. "विभूती-बिभूती कशाला आणायची? लोकांना हसायला निमित्त नको."

मॅडमनी रुद्राणीकडे बघितलं. तिला स्टाफरूम आठवली. हा खुलासा वाचून तिथं कसले विनोद होतील ते तिला आताच ऐकू आले, आणि गंमत म्हणजे त्यातले एकदोन चांगले होते.

"उपकरणात दोष नव्हता, सर. त्यानं अकरा वेळा खरं सांगितलं," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "तुम्ही लिहिलं होतं, पदार्थ दोन आहेत. तुमचं बरोबर होतं, मॅडम. दोनच होते. आणि दोन्ही माझेच होते. तसंच लिहा."

मॅडम आता हसल्या, पहिल्यांदाच. त्यांनी लिहिलं, ते वाचून दाखवलं, आणि विभूतीचा ग्राफ पुरवणी म्हणून जोडायला सांगितला. मग पेन मिटून खुर्चीत मागे रेलल्या. "वीस वर्षं परीक्षक आहे मी. स्वतःची चूक ग्राफासकट देणारं कुणी भेटलं नव्हतं. बरं, आता तुमचा रेणू दाखवा. कागद नको. फळ्यावर काढा, न बघता."

रुद्राणीनं खडू घेतला. फळ्याच्या डाव्या टोकाला ते पाच कोनी कडं काढलं आणि तिथून साखळी सोडली, खाली-वर, खाली-वर, प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बन. तिनं मोठं काढायला घेतलं होतं. शेवटच्या बाकालाही दिसावं अशी सवय. चौदावा, पंधरावा, मधली दोन कडी, वीस, पंचवीस. साखळी फळ्याच्या उजव्या चौकटीला भिडली तेव्हा बत्तीस झाले होते आणि सगळ्यांपेक्षा दोन घरं पुढे बसलेला तो ऑक्सिजन अजून यायचा होता. मागून तांदळे सर म्हणाले, "बाई, फळा संपला, जरा लहान काढायचं होतं." रुद्राणी थांबली नाही. चौकट ओलांडून खडू नव्यानं रंग दिलेल्या भिंतीवर गेला, खाली-वर, खाली-वर. "अहो, भिंत!" सर ओरडले. तिनं तिथं भिंतीवर मोठा गोल ऑक्सिजन काढला, आणि खडू तसाच टेकवून जोरात म्हणाली, "हा इथं बसतो."